कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली एक थेंब नाही (२००४ ची पेट्रोल गाडी, सोलापूर)

हिशेबी_बाई · १३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला फारसं कळत नाही, आकड्यांतलं कळतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात १९ वर्षं हिशेब लिहितेय. आत आलेलं सूत आणि बाहेर गेलेला माल यांची वजनं जुळली नाहीत, तर फरक सापडेपर्यंत आमचे मालक कुणाला घरी सोडत नाहीत. त्यामुळे आता जे चाललंय त्यानं माझी झोप उडालीय. माझ्या गाडीतून दर दहा दिवसांत पाव लीटर कूलंट (इंजिन थंड ठेवायचं पाणी) जातंय आणि ते कुठं जातंय हे कुणालाच सांगता येत नाही.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २००४ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनी सांगत नाही, कारण सांगितली की निम्मे लोक "ती गाडीच तसली" म्हणून मोकळे होतात. अप्पा गेल्या दिवाळीत गेले. तेव्हापासून गाडी मी चालवते. जुळे सोलापूर ते एमआयडीसी, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. कधी रविवारी तुळजापूर.

आता आकडे. औषधाच्या मापानं मोजून घातलंय, अंदाजानं नाही. ११ ते २१ मे : २६० मिली. २१ ते ३१ मे : २५० मिली. १ ते ११ जून : २४० मिली. मध्ये एप्रिलात भाचीच्या लग्नाला चार दिवस पुण्याला रेल्वेनं गेले होते, गाडी दारात उभी होती. जाताना कूलंटच्या बाटलीवर स्केचपेननं रेघ मारून गेले. आल्यावर पातळी रेघेवरच. एक केसभर हललेली नाही.

गाडीखाली डाग नाही. फरशी कोरडी. तापमानाचा काटा नेहमी अर्ध्याच्या खाली असतो. फक्त एकदा तुळजापूरचा घाट चढताना अर्ध्याच्या वर सरकला आणि वर पोचल्यावर आपोआप उतरला. पंखा चालू होतो, मी कान देऊन ऐकलंय.

दोन गॅरेज झाली. पहिल्या ठिकाणी बॉनेट उघडलं, हात न लावता सांगितलं, "रेडिएटर गेला मॅडम, जुनी गाडी हाय." साडेपाच हजार. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, खाली थेंब नाही म्हणजे पाणी आत जळतंय, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, टाकावं लागेल. अठरा हजार. दोघांच्याही बोलण्यात एवढा आत्मविश्वास होता की मला वाटलं, आमच्या ऑडिटरकडे यातला अर्धा असता तर बरं झालं असतं.

पैसे द्यायला हरकत नाही. पण पावती कशाची फाडतेय ते तरी कळू दे. कुठून सुरुवात करू?

---

कडक_भाकरी · १३ जून, रात्री १०:०५

ताई, आमच्या आबांनी जीपच्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती. दोन वर्षं थेंब नाही. दहा रुपयांत काम. 😄

---

निवृत्त_फिटर · १३ जून, रात्री ११:२०

ताई, आधी एक करा. त्या अठरा हजारांचा विषय डोक्यातून काढा. हेड उतरवणं हे शेवटचं काम असतंय, पहिलं नाही. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. उगं उतरवलेली हेडं मी लै बघितली.

तुम्ही चार दिवस गाडी उभी ठेवून जी रेघ मारून गेलात ना, ते तुमच्या दोन्ही मिस्त्रींपेक्षा हुशारीचं काम झालं. गाडी उभी असताना पाणी जात नाही. म्हणजे भोक एवढं बारीक हाय की नुसत्या वजनानं पाणी येत नाही, प्रेशर लागतंय. गाडी तापली की कूलंट फुगतंय, आणि रेडिएटरचं झाकण ते प्रेशर धरून ठेवतंय. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असेल, तेवढं बार प्रेशर झाल्याशिवाय ते बाटलीकडे पाणी सोडत नाही. हे प्रेशर मुद्दाम ठेवलेलं असतंय. साधं पाणी शंभरला उकळतं, आपल्याकडं समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर त्याच्याही जरा आधी. तेच एक बार दाबाखाली ठेवलं की १२० च्या आसपास जातंय. म्हणून गरम इंजिनचं झाकण कधी उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं सगळं एकदम उकळून तोंडावर येतंय. माझ्या हातावर १९८७ चा डाग अजून हाय.

आता खाली थेंब का नाही? इंजिनचा ब्लॉक नव्वद अंश तापलेला असतो. त्याच्यावर बारीक पाझर आला तर पाणी खाली पडायच्या आधीच उडून जातंय. तव्यावर पाणी शिंपडल्यावर खाली चुलीत पडतंय का? तसंच. पाणी उडतं, पण कूलंटचा रंग आणि क्षार तिथंच राहतात. तेव्हा ओल शोधू नका, पपडी शोधा. पांढरी, हिरवट, कधी गंजाच्या रंगाची रेघ.

आत जळतंय का हे बघायला हेड उतरवावं लागत नाही. सकाळी गाडी एकदम थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ करा, कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर गॅस्केटची शंका. सुरुवातीला दोनचार आले अन् थांबले तर ती अडकलेली हवा, घाबरू नका. पाणी गरम व्हायच्या आत झाकण लावून टाका. ऑइलची काडी बघा, ऑइल ताकासारखं झालंय का. आणि थंड गाडी चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा टणक होतोय का, ते हातानं दाबून बघा. इतक्या लवकर गरमीनं प्रेशर होत नसतंय. झालं तर ते सिलिंडरमधून येतंय.

रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. फरशीवर बारीक थेंब वाळून जातो, कागदावर डाग राहतो.

आणि कडक भाकरी, हळदीनं भोक बुजतं हे खरं हाय. पण हळदीला कुठलं भोक बुजवायचं ते कळत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यापण बुजवते. आबांच्या जीपचा रेडिएटर पुढं रॉडिंगला, म्हणजे नळ्या सळीनं साफ करायला, गेला असेल, विचारून बघ.

---

कडक_भाकरी · १३ जून, रात्री ११:४५

विचारलं. गेला होता. 🙏

---

तुळजापूर_अक्कलकोट_पंढरपूर · १४ जून, सकाळी ६:१५

टॅक्सी चालवतो, भाविकांच्या फेऱ्या. नाव वाचलं की रूट कळतो. ताई, मला एक सांगा, कूलंटच्या मागं लागताच कशाला? आपल्याकडं बर्फ पडतोय का? मे महिन्यात ४३ डिग्री. मी वीस वर्षं साधं पाणी घालतो. डिकीत पाच लीटरचा कॅन, कमी झालं की घाल. गाडी पळते.

---

निवृत्त_फिटर · १४ जून, सकाळी ७:३०

गाडी पळते हे खरं. पण कूलंट बर्फासाठी असतंय हा गैरसमज. त्यातलं ग्लायकॉल गोठणं थांबवतं तसं उकळणंही पुढं ढकलतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात गंज रोखायचं औषध असतंय. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, मधी पाणी. नुसतं पाणी घातलं की लोखंड आतून खायला लागतं. आणि आपलं पाणी कसलं? नळाला चार-पाच दिवसाआड, म्हणून सगळे बोअरचं वापरतात. बोअरच्या पाण्यानं तुमच्या घरच्या शॉवरची भोकं बंद होतात का नाही? मग रेडिएटरच्या नळ्यांचं काय होत असेल. घालायचंच तर डिस्टिल्ड घाला, बॅटरीत घालतो ते.

टॅक्सीवाले, तुम्ही सहा-सात वर्षांत गाडी बदलता. ताईंची गाडी २००४ ची हाय.

---

हिशेबी_बाई · १६ जून, रात्री ८:५०

फिटरकाका, सांगितलं तसं सगळं केलं. शेजारच्या मुलाला स्टार्टरवर बसवलं. सुरुवातीला तीन बुडबुडे, नंतर काही नाही. ऑइल काळं आहे पण ताक नाही. होज पाच मिनिटांनंतरही बोटानं दबत होता. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

म्हणजे अठरा हजार वाचले असं धरू का? की अजून लिहून ठेवू नको?

झाकणावर ०.९ आहे. रबर चिरलेलं दिसतंय, ते बदलायचं म्हणून नोंद केलीय.

वर्तमानपत्रं दोन रात्री पसरली. काहीच नाही. एकही डाग नाही, ऑइलचासुद्धा नाही, याचा मला जरा अभिमानच वाटला. फक्त गल्लीतली काळी कुत्री पेपरवर झोपते, तिच्या पायाचे ठसे आहेत. दोन्ही दिवस कारखान्यातून येताना पूर्ण वाट एसी लावला होता, सध्या हवेत चिकचिक आहे म्हणून.

---

निवृत्त_फिटर · १६ जून, रात्री ९:३०

एसी लावला होता? आणि कागद कोरडा?

ताई, जूनच्या दमट हवेत अर्धा तास एसी चालवून गाडी दारात लावली की खाली पाण्याचं थारोळं पाहिजे. एसीच्या कॉइलवर हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतंय आणि ते एका बारीक नळीनं खाली सांडतंय. तुमच्याकडं ते पडत नाही. मग जातंय कुठं? डाव्या सीटच्या पायाखालची मॅट उचला, गालिचा उचला, आणि गालिच्याच्या खाली जो कापसासारखा थर असतोय तिथं हात घाला. वरून कोरडा वाटेल.

---

हिशेबी_बाई · १६ जून, रात्री १०:१०

काका. आत्ता टॉर्च घेऊन गेले होते. खालचा थर पिळला तर पाणी निघतंय.

---

कडक_भाकरी · १६ जून, रात्री १०:१४

हीटर कॉइल!!! ताई, हीटरच्या कॉइलमधून कूलंट आत गळतंय. माझ्या मित्राच्या गाडीचं हेच झालं, अख्खा डॅशबोर्ड उतरवला. सापडलं की! पाव लीटर गालिच्यात.

---

जुना_सोलापूरकर_पुणे · १६ जून, रात्री १०:४०

हीटर कॉइलच दिसतेय. सोलापुरात हीटर लागतो कुणाला, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून बायपास करा आणि विसरून जा. मी हेच केलं होतं.

---

निवृत्त_फिटर · १६ जून, रात्री ११:००

थांबा सगळे. ताई, ते पाणी बोटांत चोळा. वास घ्या. कूलंट असेल तर बुळबुळीत लागेल, वाळल्यावर चिकट होईल, आणि वास गोडसर. काचेवर आतून तेलकट धुकं धरतंय का तेही सांगा. जिभेला लावू नका, विषारी असतंय. ती काळी कुत्रीपण लक्षात ठेवा, कुत्र्यांना त्याचा गोडवा आवडतो आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडनी जाते.

---

हिशेबी_बाई · १७ जून, सकाळी ६:५०

बुळबुळीत नाही. वास ओल्या पायपुसण्याचा. रंग नाही. काच स्वच्छ. पांढऱ्या टॉवेलवर टिपून घेतलं (आमच्याकडे सेकंडच्या टॉवेलांना तोटा नाही), रात्रभर वाळवला. हिरवा डाग नाही, चिकटपणा नाही.

कडक भाकरी, तुझ्या बोलण्यावर मी रात्री अर्धा तास डॅशबोर्ड उतरवायच्या खर्चाचा विचार करत बसले होते.

---

निवृत्त_फिटर · १७ जून, सकाळी ७:४५

मग ते एसीचंच पाणी. नळी कचऱ्यानं तुंबलीय. ती साफ करून घ्या, नाहीतर गालिच्याखालचा पत्रा गंजेल. पण तुमचं पाव लीटर अजून सापडलेलं नाही. दोन वेगळे आजार हाईत.

आता प्रेशर टेस्टर पाहिजे. सायकलच्या पंपासारखा हातपंप असतोय, त्याला मीटर. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसवायचा, गाडी थंड, बंद. झाकणावर जेवढं लिहिलंय तेवढंच भरायचं, ०.९, जास्त नाही. पंधरा मिनिटं मीटर बघत बसायचं. उतरलं तर बाहेर कुठंतरी येतंय, आणि इंजिन थंड असल्यामुळं उडून जात नाही, दिसतं. हीटरचा संशय राहू नये म्हणून फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) हीटरचे दोन्ही पाइप काढून एका तुकड्यानं जोडा आणि परत भरा. तरीही उतरलं तर हीटर निर्दोष.

टेस्टर सगळ्यांकडं नसतंय. विचारून जा.

---

तुळजापूर_अक्कलकोट_पंढरपूर · १७ जून, सकाळी ८:०५

आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये आहे. आसरा चौकाकडं. ताई, रविवारी सकाळी या, मीपण येतो. फिटरसाहेबांनी माझ्या पाण्याबद्दल बोलल्यापासून माझ्या गाडीलापण लावून बघायचं मनात आहे.

---

हिशेबी_बाई · २२ जून, दुपारी ३:२०

सविस्तर लिहिते, कारण आज सकाळी जे बघितलं ते मला कुणी आधी दाखवलं असतं तर दोन महिने वाचले असते.

साडेआठला पोचले. मिस्त्री तिशीतला, शांत. टॅक्सीवाले दादा आधीच चहा पीत बसले होते. आधी एसीची नळी. खालून हवा मारली तर काळा चिखल आणि तांब्याभर पाणी भसकन बाहेर आलं. मिस्त्री म्हणाला, "हे झालं एक."

मग टेस्टर. ०.९ भरलं. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी ०.८५. दहा मिनिटांनी ०.८. पंधराला ०.७५. खाली कागद, कोरडा. रेडिएटर कोरडा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या टाक्यांचे सांधे कोरडे. होज, क्लिपा, थर्मोस्टॅटचं घर, सगळीकडे मिस्त्रीनं कोरडा कागद फिरवला. वॉटर बॉडीला (कूलंट फिरवणारा पंप) खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो असं त्यानं दाखवलं. तेही कोरडं. रेडिएटर निर्दोष. ते साडेपाच हजारही वाचले.

हीटरचे पाइप जोडून परत भरलं. पंधरा मिनिटांत परत ०.७५. तिथं मी थोडी हरले. सगळं निर्दोष आणि तरी मीटर उतरतंय. आमच्याकडे असं झालं की समजायचं, कुणीतरी न दिसणाऱ्या खात्यात टाकलंय.

मिस्त्रीनं दाढीचा छोटा आरसा आणला. लोखंडी सळीला वाकडा बांधलेला. इंजिनच्या मागच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळ्या) खाली, जिथं हातही नीट जात नाही, तिथं आरसा सरकवला आणि टॉर्च मारला. बराच वेळ काही बोलला नाही. मग मला म्हणाला, "या, बघा."

आरशात ब्लॉकच्या भिंतीवर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं एक गोल झाकण दिसलं. त्याच्या खालच्या कडेपासून पांढरी-हिरवी-तांबडी रेघ खाली गेलेली, जुन्या विहिरीच्या कठड्यावर असते तशी. आणि त्या कडेवर एक थेंब. फुगत होता, पडत नव्हता. मी मोजलं, जवळजवळ मिनिटभर तो तिथंच होता. मग रेघेवरून सरकला आणि गिअरबॉक्सच्या खाचेत जिरला. म्हणून कागद कोरडा.

टॅक्सीवाले दादा म्हणाले, "वेल्च प्लग." मिस्त्री म्हणाला, "बूच." काका, हे नेमकं काय असतं? इंजिनला बूच कशाला?

(दादांच्या गाडीलाही लावलं. तिथं मीटर अर्ध्यावर उतरलं. त्यांचं ते लिहितील, मी नाही लिहीत.)

---

निवृत्त_फिटर · २२ जून, दुपारी ४:००

शाबास त्या पोराला. आरसा काढणारा मिस्त्री सोडू नका.

ब्लॉक ओततात तेव्हा आत पाणी फिरायच्या पोकळ्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी साच्यात वाळूचे गाभे बसवतात. ओतल्यावर ती वाळू बाहेर काढायला आणि गाभे धरून ठेवायला भोकं लागतात. नंतर त्या भोकांत पत्र्याची वाटीसारखी बुचं ठोकून बसवतात. पाणी गोठलं तर ब्लॉक वाचवायला ही बुचं उडतात असं लोक सांगतात. त्याच्यासाठी ती केलेली नाहीत, उडाली तर नशीब.

ब्लॉक जाड बिडाचा, तो पन्नास वर्षं गंज खाईल तरी टिकेल. बूच पातळ पत्र्याचं. गंजाचं औषध नसलेलं पाणी वर्षानुवर्षं असेल तर आतून खात खात सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. बाहेरून बघताना बूच चांगलं दिसतं.

एकच बदलू नका. ज्याला हात पोचतो ती सगळी बदला, सगळ्यांचं वय सारखंच हाय. पितळेची मिळाली तर पितळेची घ्या. कुणी एम-सील लावून देतो म्हणालं तर गाडी तिथून काढा. जुनं काढताना एका कडेला छिन्नीनं मारलं की ते आडवं फिरतं, मग पकडीनं ओढायचं. आत ढकलून हरवू देऊ नका. बसायची जागा घासून चकचकीत करायची, सीलंटचा पातळ हात, आणि बरोबर मापाच्या सॉकेटनं सरळ ठोकायचं. तिरकं बसलं की सहा महिन्यांत परत तिथंच.

कूलंट भरल्यावर हवा काढायला विसरू नका. गाडीचं नाक चढावर, हीटरचा नॉब गरमवर, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत.

ताई, एक विचारू? तुम्ही तर मापानं कूलंट घालताय. तुमच्या आधी कोण काय घालत होतं?

---

हिशेबी_बाई · ३० जून, रात्री ९:१५

काम झालं. इनटेक मॅनिफोल्ड काढावं लागलं. पुढच्या-मागच्या मिळून तीन बुचं बदलली. गळकं बूच मी मागून घेतलं. आतून ते बूच नव्हतं, चाळणी होती. उजेडाकडे धरलं तर एकाच ठिकाणी आरपार दिसतंय, पण आणखी चार-पाच जागा बोटानं दाबल्या तर जातील अशा.

खर्च : पितळी बुचं तीन १५० रुपये, मॅनिफोल्डचं गॅस्केट २२०, नवीन झाकण १८०, कूलंट ९००, मजुरी १,४००. एकूण २,८५०. पावती फाईलला लावली.

आत दोनदा साधं पाणी फिरवून काढलं तेव्हा चहासारखं लाल पाणी आलं. जुनं कूलंट गटारीत ओतू दिलं नाही, कॅनमध्ये झाकण लावून गॅरेजवाल्याकडेच ठेवलं, काळ्या कुत्रीसाठी.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. डॅशबोर्डच्या कप्प्यात अप्पांची छोटी डायरी होती. मला वाटत होतं त्यात पेट्रोलचे आकडे असतील. पेट्रोल आहेच. पण २०१५ पासून जवळजवळ प्रत्येक रविवारी एक ओळ आहे : "पाणी घातले, पाव तांब्या." काही ठिकाणी "अर्धा तांब्या, पंढरपूर जाऊन आलो." बोअरचंच. आमच्या अंगणात नळापाशी जो पितळी तांब्या आहे तोच.

म्हणजे गळती दोन महिन्यांची नव्हतीच. निदान दहा वर्षांची होती. अप्पा दर रविवारी ती भरून काढत होते आणि कुणाला सांगत नव्हते. मी कूलंट घालायला लागले, मोजायला लागले, म्हणून ती दिसली. त्यांनी पाणी घातलं म्हणून बूच सडलं, की बूच गळत होतं म्हणून पाणी घालत होते, हे आता कळणार नाही. दोन्ही खरं असेल.

ते शाळामास्तर होते. माझा हिशेब कुठून आला ते डायरी बघून कळलं.

---

कडक_भाकरी · ३० जून, रात्री ९:३०

ताई 🙏

---

तुळजापूर_अक्कलकोट_पंढरपूर · ३० जून, रात्री १०:००

माझं सांगतो. वॉटर बॉडीचं भोक. बुधवारी बदलली. आत सगळा पांढरा थर होता, मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून दाखवला. फिटरसाहेब, आता डिस्टिल्ड आणि कूलंट अर्धं अर्धं भरलंय. कॅन डिकीत अजून आहे, पण तो आता भाविकांना हात धुवायला.

---

निवृत्त_फिटर · ३० जून, रात्री १०:४५

ताई, वडिलांना बोल लावू नका. त्या पिढीत सगळ्यांनी हेच केलं, आम्हीपण डेपोत बादलीनं पाणी घालत होतो.

एक राहिलं. फ्लायव्हीलच्या मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आणखी एक बूच असू शकतंय. तिथं गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात जात नाही. आत्ता त्याच्यासाठी खर्च करू नका. क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा मिस्त्रीला आठवण करा, गिअरबॉक्स खाली असतानाच बदलून घ्या. डायरीत लिहून ठेवा.

---

हिशेबी_बाई · १४ जुलै, रात्री ८:३०

चौदा दिवस. बाटली स्केचपेनच्या रेघेवर. काल तुळजापूरला जाऊन आले, घाटात काटा अर्ध्याच्या खालीच होता. एसीचं पाणी आता बाहेर पडतं, दारात थारोळं असतं. काळी कुत्री पेपर सोडून त्याच्या शेजारी झोपते.

अप्पांच्या डायरीत पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलंय : "३० जून. तीन बुचं, पितळी. फ्लायव्हीलमागचं बाकी, क्लचच्या वेळी. १४ जुलै. पाणी घातले नाही."